नव्या गाडीच्या ॲक्सेसरीज: बुकिंगला, डिलिव्हरीला की सावकाश?

गाडी बुक करायला बसलं की शोरूममध्ये दोन कागद पुढे येतात. एकावर व्हेरियंटच्या (एकाच मॉडेलच्या कमी-जास्त सोयींच्या प्रकारांच्या) किमती, दुसऱ्यावर ॲक्सेसरीजची यादी. पाडवा किंवा दसरा तोंडावर असेल तर दुसऱ्या कागदावर सही घ्यायची घाई जास्तच. माझं मत स्पष्ट आहे: वेळ पहिल्या कागदावर घालवावा आणि दुसरा घडी करून घरी न्यावा.

कारण आपल्याकडे कंपनीतून हवा तो एकेक ऑप्शन निवडून गाडी मागवायची सोय फारशी नाही. व्हेरियंट निवडला की त्यातलं सगळं पदरात पडतं. त्यात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, ऑटोमॅटिक गिअर या गोष्टी नंतर कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाहीत. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, स्पीकर, अलॉय व्हील, सीट कव्हर मात्र कधीही बसतात. म्हणून दोन व्हेरियंटमधला फरक बघताना त्यातले किती पैसे पहिल्या प्रकारावर जातायत ते शोधा. एअरबॅग वाढत असतील तर ओढाताण करूनही वरचं व्हेरियंट घ्यावं. फरक फक्त मोठा स्क्रीन आणि चकचकीत पट्ट्यांचा असेल तर खालचं बरं. पार्किंग सेन्सर हा वरच्या व्हेरियंटचा फायदा म्हणून कोणी सांगितला तर तो मोजू नका, जुलै 2019 पासून मागचे सेन्सर प्रत्येक नव्या कारला सक्तीचेच आहेत. सनरूफ मनापासून हवं असेल तर तेही कंपनीचंच घ्या. छत कापून नंतर बसवायच्या फंदात पडू नये, पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होऊ शकते.

किमतीचा हिशोबही नीट करा, व्हेरियंटचा फरक ऑन-रोडला, म्हणजे टॅक्स वगैरे धरून, फुगतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांना 12 टक्के रोड टॅक्स आहे. साडेनऊ लाखांच्या गाडीला 1,04,500 रुपये टॅक्स लागतो, 10 लाख 30 हजारांच्या गाडीला 1,23,600. म्हणजे 80 हजारांच्या फरकावर टॅक्सचेच 19,100 वाढले. शिवाय 10 लाखांच्या वरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातोच. पासिंगनंतर बाहेरून बसवलेल्या स्पीकरवर हा टॅक्स लागत नाही.

आता डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधून काय घ्यायचं? मड फ्लॅप घ्या, मुंबईच्या पावसात पहिल्या दिवसापासून लागतात. मॅटही घ्या, पण त्याच मॉडेलच्या मापाचे आणि हुकात अडकणारे. एकावर एक दोन मॅट टाकले तर वरचा सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकू शकतो. वायर जोडावी लागेल अशी कुठलीही वस्तू, म्हणजे हॉर्न, फॉग लॅम्प, कॅमेरा, कंपनीच्या कपलरनेच (वायर न कापता बसणाऱ्या तयार जोडणीनेच) जोडून घ्या. वायर कापून सांधा मारला की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद सुरू होतो. इथे शोरूमला चार पैसे जास्त देणं मला पटतं.

बाकीच्यासाठी महिना-दोन महिने थांबा. कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर दुकानांची रांग आहे. तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते आणि भावही करता येतो. सीट कव्हरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पुढच्या सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असेल तर त्या कडेला फाटण्याजोगी शिवण असलेलंच कव्हर हवं. जाड रेक्झिनचं बंद कव्हर एअरबॅग उघडायच्या वाटेत येतं. ज्या एअरबॅगसाठी वरचं व्हेरियंट घेतलं, ती दिसायला छान अशा कव्हरखाली कोंडली जाते, आणि दुकानदार हे सहसा स्वतःहून सांगत नाही.

सीएनजी हवा असेल तर कंपनी फिटेडच घ्या. आरसीवर नोंद पासिंगलाच होते आणि वॉरंटी शाबूत राहते. बाहेरून किट बसवलं तर आरटीओची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही तुमच्याकडे येतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) मात्र दोन्हीकडे दर 3 वर्षांनी करावीच लागते.

काचांवरची काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी गार्ड कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली. लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने 2017 मध्ये राज्यांना दिले. धडकेत तो गार्ड समोरच्या पादचाऱ्याचा घात करतो.

विम्याचं काम बरेच जण विसरतात. बाहेरून बसवलेल्या वस्तू गाडीच्या आयडीव्हीत (विम्यासाठी धरलेल्या किमतीत) आपोआप धरल्या जात नाहीत, त्यांची किंमत वेगळी लिहून द्यावी लागते. इलेक्ट्रिकल वस्तूंना जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे (वाहन विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे) किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम धरतात. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं, म्हणून दुकानदाराने बिलाशिवाय स्वस्तात देऊ केलं तरी महागडा स्क्रीन बिलानेच घ्या. आणि बुकिंग फॉर्मवर नको असलेल्या ॲक्सेसरीजची नावं लिहून समोर 'बसवू नये' असं लिहा, खाली सेल्समनची सही घ्या.