अठराव्या वर्षी करार की कॉलेजचा संघ?

मुलगा अठरा वर्षांचा, उंची सहा फूट सहा इंच, अजून वाढतोय. एका बाजूला व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाचा करार, पण पहिलं वर्ष बाकावरच जाणार हे उघड आहे. दुसऱ्या बाजूला पुण्यातलाच क्लब आणि कॉलेज. तिथे तो हुकमी खेळाडू आहे आणि चाळीसपैकी पस्तीस मिनिटं कोर्टवर असतो. ज्या घरात सध्या हा खल चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कराराच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा सरावाचा. कॉलेजच्या सामन्यात उंच मुलाला पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटच्या जवळ, बॉल मिळाला की तो वळतो आणि टाकतो, समोरचा हातही पोहोचवू शकत नाही. व्यावसायिक संघाच्या सरावात तिशीतला, शंभर किलोचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा धिप्पाड खेळाडू) मागून मांडी लावून उभा राहिला की तोच मुलगा दोन पावलं बाहेर ढकलला जातो. मग पाय कुठे टाकायचा, खांदा कुठल्या बाजूला सोडायचा, डावा हात कधी वापरायचा, याचा आयुष्यात पहिल्यांदा विचार करावा लागतो. हे कॉलेजात कोणी शिकवू शकत नाही, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमध्ये, याचं हमखास दिलं जाणारं उदाहरण जर्मेन ओ'नील. १९९६ मध्ये पोर्टलंडने त्याला शाळेतून थेट घेतलं आणि चार वर्षं बहुतेक वेळ बाकावर ठेवलं. पुढे तो सहा वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला. पण संयमाचं फळ म्हणून ही गोष्ट सांगणारे एक तपशील गाळतात: त्याला खेळवलं ते पोर्टलंडने नाही, २००० मध्ये त्याला घेणाऱ्या इंडियानाने. डार्को मिलिचिचला २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर निवडलं, पुढे तारे झालेल्या कार्मेलो अँथनी आणि ड्वेन वेड यांच्याही आधी. संघ २००४ मध्ये विजेता ठरला. जिंकणाऱ्या कोचला पोराच्या चुका कशाला हव्यात? पहिल्या मोसमात त्याला सामन्यामागे पाच मिनिटंही मिळाली नाहीत, आणि तो मोठा खेळाडू कधीच झाला नाही.

उलट यानिस अँटेटोकुन्पो. मिलवॉकीने २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर घेतला. त्या मोसमात संघाने ८२ पैकी जेमतेम १५ सामने जिंकले, म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला सामन्यामागे चोवीसेक मिनिटं देता आली. सरासरी ६.८ गुण, म्हणजे गॅलरीत मोबाइलवर पॉइंट मोजणाऱ्या आपल्याकडच्या आईबाबांनी नाक मुरडलं असतं. २०१९ मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू झाला. माझं मत असं, की संयम हरणाऱ्या संघालाच परवडतो. करार देणारा संघ गेल्या वर्षी कितवा आला, हे आधी बघा.

शिवाय तिकडे अमेरिकेत बाकावरचा मुलगा जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये जाऊन भरपूर खेळू शकतो. आपल्याकडे हा मधला मजला नाही. आपल्या लीगचा मोसम आटोपशीर, आणि लीग टिकेलच याची खात्री नाही. यूबीए या भारतातल्या व्यावसायिक लीगमध्ये 'पुणे पेशवाज' होते, आज ती लीगच नाही. २०१५ मध्ये डॅलसने निवडलेला सतनाम सिंग हा एनबीए ड्राफ्टमधला (संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिला भारतीय. त्याच्या वाट्याला एनबीएचा एकही साखळी सामना आला नाही.

आता कॉलेजची बाजू. पुढे एनबीए गाजवणाऱ्या निकोला योकिचला डेन्व्हरने २०१४ मध्ये ४१व्या क्रमांकावर निवडलं, तरी तो आणखी वर्षभर सर्बियातल्या मेगा संघातच राहिला, रोज खेळला आणि एड्रिएटिक लीगचा एमव्हीपी होऊनच गेला. आपल्या मुलासाठी आणखी एक हिशेब आहे, आणि तो चारचौघांत बोलायला उगीच लाजतात: आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धा, त्यातून रेल्वेसारख्या खात्यातली नोकरी, राज्य सरकारचं पाच टक्के खेळाडू आरक्षण. भारतात बास्केटबॉलवर घर चालवणारे बहुतेक जण याच दाराने आत गेलेत.

तोटाही सांगतो. जिथे आपल्याला कोणी बाहेर बसवणार नाही हे मुलाला माहीत असतं, तिथे तो डिफेन्सला धावत परत येत नाही. सगळं उजव्या हातानेच करतो. त्यात पावसाळ्यात उघडं सिमेंटचं कोर्ट ओलं, म्हणजे सराव बंद.

मुलगा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा असेल तर माझ्या मते प्रश्नच नाही, त्याने राहावं. बॉल हातात असल्याशिवाय गार्ड घडत नाही. सेंटरला मात्र अंगात ताकद यायला तसाही वेळ लागतो, त्यामुळे त्याच्यासाठी करार वाईट नाही. फक्त सही करण्याआधी तिथल्या सरांना विचारा: सामना नसेल त्या दिवशी याच्याबरोबर कोण काम करणार, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला सोडणार का? हे दुसरं करारात लिहून घ्या. 'बघू पुढे' असं उत्तर आलं तर कॉलेजची फी भरून टाका.