बार्बाडोसच्या केव्ह हिलला किनारा-व्यवस्थापन शिकले, त्याचा अनुभव

गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारला: "समुद्रावर काम करायचंय, वेस्ट इंडीज विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम कसा आहे?" प्रत्येकाला फोनवर अर्धं-मुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी कशाबद्दल बोलतेय ते सांगते. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या केव्ह हिल परिसरात साधनसंपत्ती व्यवस्थापन आणि पर्यावरण अभ्यासाचं एक केंद्र आहे. सगळे त्याला 'सर्मेस' म्हणतात. 1986 साली ते सागरी व्यवस्थापनाचा एक छोटा कार्यक्रम म्हणून सुरू झालं. आज तिथे नैसर्गिक साधनसंपत्ती व पर्यावरण व्यवस्थापनाची एम.एस्सी. करता येते. मी त्यातली किनारा आणि सागरी व्यवस्थापनाची शाखा घेतली. वर्ग टेकडीवर, खाली ब्रिजटाउन आणि पलीकडे समुद्र. परीक्षेच्या दिवसांत तो समुद्र खिडकीतून दिसत राहणं ही शिक्षाच वाटते, पण ते सोडा.

माझी पदवी प्राणिशास्त्रातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे बार्बाडोसला आले आणि दोन वर्षं नुसती बसून काढली. त्या काळात एका परदेशी संस्थेचा मत्स्यव्यवसायावरचा ऑनलाइन कोर्स केला. चांगले पैसे मोजले होते. त्यात सगळी उदाहरणं मोठ्या जहाजांची आणि एकाच जातीच्या माशाची: साठा मोजा, कोटा ठरवा, परवाने वाटा. इथल्या बंदरावर गेलं की ते सगळं गळून पडायचं. इथे उघड्या लहान होड्या आहेत, त्यांना 'मोझेस' म्हणतात. सकाळी जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या डे-बोटी आहेत. बर्फ भरून आठवडा-आठवडा बाहेर राहणाऱ्या आइस-बोटी आहेत. एकच माणूस हंगामाप्रमाणे चार प्रकारचे मासे धरतो, आणि त्यातला बराचसा माल वजनकाट्यावर न चढताच विकला जातो. कोटा कशाचा आणि मोजणार कोण? त्या कोर्सने मला याचं उत्तर सोडाच, हा प्रश्नसुद्धा दिला नव्हता.

केव्ह हिलला पहिल्या काही आठवड्यांतच हा प्रश्न टेबलावर आला. रॉबिन महॉन, पॅट्रिक मकॉनी, हेझल ऑक्सनफर्ड या इथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं इथे जे काम उभं केलं, त्याचा गाभाच हा आहे: आकडे कमी आहेत, पैसा कमी आहे, बेटं लहान आहेत आणि समुद्र शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यायचा आहे, तर मग कारभार कसा करायचा? मासा ना बार्बाडोसचा ना त्रिनिदादचा. सागरी हद्द आणि उडते मासे यांवरून या दोन देशांचा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि 2006 मध्ये निकाल लागला. हे वर्गात शिकायचं आणि संध्याकाळी ताटात तोच मासा. विषय इतका जवळ असला की पाठ करावा लागत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सामाजिक-आर्थिक पाहणीने. खरं सांगते, सुरुवातीला मला तो विषय दुय्यम वाटला होता. मी प्रवाळ मोजायला आले होते. हॉलटाउनजवळच्या फोकस्टोन सागरी राखीव क्षेत्रात पाण्यात टेप टाकून, पाटीवर पेन्सिलीने नोंदी घेत तेही केलं आणि ते मला येत होतं. पण प्रबंधासाठी विषय निवडला तो मासे साफ करणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचा. इथे मत्स्यव्यवसायातल्या स्त्रियांवर काम करणारा एक स्वतंत्र गटच आहे. त्यांचं काम वाचलं आणि लक्षात आलं की बोटीवरचा माणूस प्रत्येक तक्त्यात आहे, धक्क्यावरची बाई जवळजवळ कुठेच नाही.

दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात पहिल्या दिवशी छापील प्रश्नावली घेऊन गेले. साठीच्या पुढच्या एक मावशी उडते मासे सोलत होत्या. खवले काढले, पंख छाटले, डोकं उडवलं, पोट उघडलं. मग चाकूचं टोक कण्याखालून असं सरकवलं की अख्खा कणा एका ओढीत बाहेर आला. त्यानंतर बोटाने चाचपून बारीक काट्यांच्या रांगा काढल्या. मासा पुस्तकासारखा उघडा, सपाट, एकही काटा नाही. हे सगळं माझं एक वाक्य संपायच्या आत. मी विचारलं, "तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?" त्यांनी चाकू न थांबवता विचारलं, "कुठल्या महिन्याचं, पोरी?"

मी गप्प. उडत्या माशांचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून. त्यानंतर त्या दुसरे मासे कापतात, कधी कुणाच्या घरी स्वयंपाकाला जातात, कधी काहीच नाही. 'महिन्याचं उत्पन्न' ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात नव्हतीच. माझ्या मार्गदर्शकांनी मला प्रश्नावली फेकून द्यायला सांगितली नाही. ती घेऊन परत त्याच मावशींकडे जायला आणि प्रश्न कसा विचारायला हवा ते त्यांनाच विचारायला सांगितलं. दुसऱ्या वेळी आम्ही दोघींनी मिळून एक कॅलेंडर काढलं: कुठला मासा कधी, हाताला काम किती, उधारी कधी चढते, कधी फिटते. त्या एका कागदात माझ्या आधीच्या चार पानांपेक्षा जास्त माहिती होती. मी पैसे आणि वर्ष दिलं ते वसूल झालं, असं त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

दुसरी गोष्ट सरगॅसमची. 2011 मध्ये हे तरंगतं तपकिरी शेवाळ पहिल्यांदा पूर्व कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर ढिगांनी आलं. 2018 मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा पट्टा 8,850 किलोमीटर लांब आणि 2 कोटी टनांहून जास्त भरला होता. किनाऱ्यावर ते कुजलं की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि डोकं दुखतं. पर्यटनाचं नुकसान सगळ्यांना दिसतं. इथल्या संशोधनाने मासेमारांच्या बाजूने काय घडलं ते पाहिलं. जाळी शेवाळाने भरतात, उडते मासे कमी मिळतात, त्याउलट शेवाळाच्या सावलीत राहणारे 'अँबर' मासे जास्त मिळू लागतात, आणि 'डॉल्फिन'ची लहान पिल्लं पकडीत येतात. (इथे डॉल्फिन म्हणजे माही-माही हा मासा. हॉटेलच्या यादीत वाचून घाबरू नका.) केंद्र येत्या काही महिन्यांत शेवाळ किती येईल याचा अंदाज देणारं पत्रक काढतं, आणि ते वाचणाऱ्यांत मासेमार आणि हॉटेलवालेही असतात. संशोधन कपाटात न जाता धक्क्यावर पोचतं, हे मी इथे पाहिलं. केंद्राचे तांत्रिक अहवालही फुकट उतरवून घेता येतात. प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी त्यातले दोन-तीन वाचाच.

शेजारच्या बेटांची उदाहरणं वर्गात सतत येतात. मला सेंट लुशियाचं सुफ्रिएर सगळ्यात आवडलं. तिथे मासेमार, डायव्हिंगवाले आणि नांगर टाकणाऱ्या यॉट यांची एकाच अरुंद किनारपट्टीवर भांडणं होती. बराच काळ बैठका झाल्या आणि 1995 मध्ये किनारा विभागांत वाटला गेला, काही ठिकाणी मासेमारी पूर्ण बंद झाली. पाच वर्षांच्या आत शेजारच्या पाण्यातली पकड मासेमारीच्या साधनांनुसार 46 ते 90 टक्क्यांनी वाढली. आकडा महत्त्वाचा आहेच, पण वर्गात आम्ही जास्त वेळ घालवला तो बैठकांवर: कोणाला बोलावलं, कोणाला विसरले, नंतर नियम कुठे पुन्हा बसून बदलावे लागले.

मग बेरिल चक्रीवादळ. 29 जून 2024 ला भारताने इथल्या, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-20 विश्वचषक जिंकला. मी मैदानात नव्हते, पण रात्रभर झोपले नाही. दोन दिवसांनी हे वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि आपला संघ इथेच अडकला, हे तुम्हाला आठवत असेल. घरून येणारा प्रत्येक फोन रोहित आणि विराटबद्दल होता. मला मात्र बोटींची काळजी होती. वादळाचा डोळा दक्षिणेकडून गेला, ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची त्याने दैना केली. बार्बाडोसवर वारा तुलनेने कमी होता, पण लाटा आल्या. सुरक्षित म्हणून ब्रिजटाउनच्या मासळी बंदरात दाटीने बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटल्या, फुटल्या, बुडाल्या. 2 जुलैला आम्ही काही विद्यार्थी तिथे गेलो. पाण्यावर फळ्या, डिझेलचा तवंग, आणि एक माणूस धक्क्यावर उभा राहून आपल्या बोटीच्या नावाची पाटी तेवढी हातात धरून होता. मी ज्या बायकांशी बोलत होते त्यांच्याकडे मासा या बोटींतूनच यायचा. नुकसानीच्या यादीत बोटी होत्या, त्यांच्या मालकांची नावं होती. चाकू घेऊन वाट पाहणाऱ्या बायकांसाठी रकानाच नव्हता.

माझा प्रबंध त्या आठवड्यात बदलला. कॅलेंडरमध्ये मी एक नवी ओळ घातली: बोट नसली तर. मार्गदर्शकांनी मुदतीचा बाऊ केला नाही. विषयाची व्याप्ती कमी कर आणि हे नीट लिही, एवढंच सांगितलं.

आता कोणी यावं याबद्दल. दिवसभर पाण्याखाली राहायचं स्वप्न असेल तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही. इथे सूट आणि सिलिंडरपेक्षा खुर्ची टाकून ऐकण्याचं काम जास्त आहे. आकडेवारी, नकाशे, कायदा आणि धोरण यांचा कंटाळा असेल तरी विचार करा. वर्ष फार लवकर संपतं. शिकवणी संपते न संपते तोच प्रबंध सुरू होतो, म्हणून विषय पहिल्या सत्रातच मनात घोळवायला लागा. नोकऱ्यांचं म्हणाल तर बेटं लहान आहेत, जागा मोजक्या आहेत. पण बार्बाडोसने 2022 मध्ये कर्जाची फेररचना करताना 30 टक्के सागरी क्षेत्र संरक्षित करायचं वचन दिलं आहे, आणि ते कागदावरून पाण्यात उतरवायला माणसं लागणारच. माझ्याबरोबर वेगवेगळ्या बेटांवरची मुलं होती. त्यातली काही आधीच आपापल्या मत्स्य खात्यात काम करत होती, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून जे कळलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

काही बारीकसारीक गोष्टी. बसचं भाडं 3.50 बार्बाडोस डॉलर, सुटे जवळ ठेवा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन इथले, हे पक्कं आहे, रोज बघत बसावं लागत नाही. लहान बोटीत उलटी होत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. पाण्यात पेन्सिलीने लिहिता येतं, पेनने नाही.

आणि ऑइस्टिन्सला कोणाशी बोलायचं असेल तर बोटी लागायच्या वेळेला जाऊ नका. तेव्हा प्रत्येकाचे हात गुंतलेले असतात. ओटे धुऊन झाले, चाकूला धार लावायला बसल्या, की मग जा. प्रश्नावली पिशवीतच राहू द्या.