अडीच किलोमीटरची लिंक: सात महिने वापरल्यावर

घर सोलापुरात अशोक चौकाजवळ, टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सरळ रेषेत अंतर अडीच किलोमीटर. मागांवरचे कॅमेरे आणि बिलिंग घरून दिसावं म्हणून मार्चमध्ये दोन्ही टोकांना बिनतारी जोडणाऱ्या 5.8 गिगाहर्ट्झच्या दोन डिश घेतल्या, प्रत्येकी 23 डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप). या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला 2018 पासून परवाना लागत नाही.

बसवायला आलेल्या माणसाने अर्ध्या तासात काम उरकलं. डिशच्या पाठीवरच्या सिग्नलच्या चारपैकी दोन दिवे लागले, "चालतंय की ओ" म्हणाला आणि गेला. चाललं दोन दिवस. मग कॅमेऱ्यातला कामगार एक पाऊल टाकायचा आणि तिथेच थिजायचा.

डिशच्या ॲपमध्ये सिग्नल होता उणे 77 डीबीएम (पोहोचलेल्या सिग्नलची ताकद). (हे आकडे उणे असतात, 77 पेक्षा 57 चांगला. माझ्या मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही.) कागदावर हिशोब केला. अडीच किलोमीटर हवेत साधारण 116 डीबी जातात (डीबी हे सिग्नलच्या घट-वाढीचं माप, दर दहा डीबीला दहापट फरक). डिशची सिग्नल सोडायची ताकद 14 डीबीएम ठेवली होती, त्यात दोन्हीकडचे 23 मिळवले की यायला हवं उणे 56. वीस-एकवीस डीबी कमी म्हणजे शंभरावा हिस्सा पोहोचतोय. एवढी तूट गंजलेल्या नटाने येत नाही. डिश बाजूच्या लोबवर बसली होती. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे खोटे झोत असतात. डिश फिरवताना आधी तेच सापडतात, आकडा चढून उतरतो आणि आपल्याला वाटतं हेच शिखर.

रविवारी पुतण्याला कारखान्याच्या पत्र्यावर चढवलं, मी गच्चीवर, दोघांचे फोन स्पीकरवर. एका वेळी एकानेच हलवायचं, दुसऱ्याने हात बांधून उभं राहायचं. आकडा एक-दोन सेकंद मागे असतो, म्हणून केसभर फिरवायचं, थांबायचं, वाचायचं. "काका, शहात्तर... ब्याऐंशी... गेलं ओ, सोडा!" सोडलं नाही, तसंच पुढे नेलं. नव्वदपर्यंत बुडाला आणि मग एकदम एकसष्ट. आडवं जमल्यावर वर-खाली, मग पत्र्यावरची डिश, मग पुन्हा माझी. शेवटी उणे 57. या अंतरावर एक अंश चुकला तर झोत तिकडे 44 मीटर सरकतो, हे डोक्यात असलं की हात आपोआप हळू होतो.

दिव्यांचा उपयोग फक्त अंदाजापुरता. चौथा दिवा उणे 65 लाच लागतो, त्यापुढे 64 काय आणि 57 काय, दिसायला सारखंच. शिवाय सोलापूरच्या दुपारच्या उन्हात लागलेला दिवा आणि विझलेला दिवा एकच. आकडाच बघा.

पाडव्यानंतर आकडा रोज थोडा उतरायला लागला. दहा-बारा दिवसांत उणे 66. नट तपासले, केबल बदलली. मग गच्चीवरून सहज बघितलं तर चार घरं सोडून असलेला लिंब कोवळ्या पालवीने भरला होता. आम्ही डिश बसवली तेव्हा तो पार निष्पर्ण होता. पानांच्या वरून कारखान्याची टाकी अजूनही स्पष्ट दिसत होती, पण डोळ्याला दिसणं पुरत नाही. लहरीला रेषेभोवती मोकळी जागा लागते. त्या झाडापाशी साधारण दोन मीटर, वाटेच्या मधोमध पावणेसहा. त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी. फांद्या तोडायला शेजारच्या आजींना विचारायची माझी हिंमत नव्हती. जीआय पाइप सहा फूट वाढवला, पुन्हा पुतण्या, पुन्हा पत्रा. उणे 58.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने डिश फिरली, सकाळी उणे 71. इथे कंपनीला खरा दोष देतो. क्लॅम्पचा पत्रा पातळ आहे आणि नट आवळताना डिश स्वतःच सरकते, दोन-तीन डीबी तिथेच जातात. डावा-उजवा नट आलटून-पालटून पाव-पाव फेरा आवळायचा, नजर आकड्यावर. आता पाइपवर आणि क्लॅम्पवर जुळती खूण केली आहे, बायकोच्या नेलपॉलिशने. पावसाळ्यात मात्र काही झालं नाही, या फ्रिक्वेन्सीला एवढ्या अंतरावर पाऊस जाणवत नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच डिश घेईन, क्लॅम्प मात्र फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्याचा करून घेईन. अंतर किलोमीटरच्या आत असेल तर एवढी मोठी डिश नको. लहान पॅनेलचा झोत रुंद असतो, एकट्याने चढून तासाभरात बसतो.