बीपी मोजायचं कुठं: उपकेंद्रात की घरी?

उपकेंद्रात (पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’) तिशीवरच्यांचं बीपी फुकट मोजतात, सोबत साखरही. पण सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत जातं कोण? गेलं तरी उन्हातून सायकल दामटत, गालात खर्रा धरून. मग आकडा चढलेलाच दिसणार.

नेमका अंदाज घ्यायला घरचं मशीन सरस. दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर, छातीच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. अर्धा तास आधी चहा-खर्रा बंद, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. बाजेवर पाय लोंबकळत ठेवून मोजलं, तर पुन्हा घोळ. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, मिनिटाच्या अंतरानं, 7 दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा.

उपकेंद्रात 140/90, घरी 135/85. तितकं किंवा त्याहून जास्त वारंवार आलं, की डॉक्टर गाठा. 180/120 च्या वर आणि छातीत दुखतंय किंवा बोलणं अडखळतंय, तर थेट 108.

आकडा उतरला म्हणून गोळी मनानं सोडू नका. गोळीमुळंच तर तो उतरलाय.