रेकॉर्डच्या माशासाठी वजनकाटा: स्वतःचा सर्टिफाय करायचा की दुकानातला चालतो?

हल्ली कोकणात रॉड घेऊन गरवणारी पोरं खूप झालीत, खडपावर, जेटीवर, खाडीच्या मुखाशी, आणि एखादा दांडगा जिताडा नाहीतर गोबरा लागला की जागतिक रेकॉर्ड ठेवणाऱ्या आयजीएफए या संस्थेबद्दलचा पुढचा प्रश्न ठरलेला, "हा आयजीएफएला पाठवला तर? आणि काटा सर्टिफाय करायला किती पडतात?" मी माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. किनाऱ्यावरून गरवत असाल आणि मासा घरी नेणारच असाल तर स्वतःच्या काट्यावर एक रुपया घालू नका, गावातला शिक्का मारलेला काटा शोधून ठेवा. अंदमान-लक्षद्वीपच्या ट्रिपा मारत असाल तर गोष्ट वेगळी. आणि मासा सोडणारे असाल तर काट्याच्या भानगडीत न पडता लांबीचं रेकॉर्ड बघा.

आता का ते. आयजीएफए म्हणजे इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, १९३९ साली सुरू झालेली संस्था, ऑफिस फ्लोरिडात डॅनिया बीचला, गळाने पकडलेल्या माशांची जागतिक रेकॉर्ड्स ठेवणारी. काट्याबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काटा सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला हवा आणि ती तपासणी दर बारा महिन्यांनी झालेली हवी. मासा जमिनीवरच मोजायचा, बोटीत मोजलेलं वजन धरत नाहीत. अंदाजे वजन चालत नाही. ज्या झोळीत किंवा दोरीवर मासा टांगला तिचं वजन वजा करायचं. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की मोजताना सर्टिफाइड काटा मिळालाच नाही तर जो वापरला तो नंतर लगेच तपासून घ्यायची सोय नियमातच आहे. म्हणजे आधीच खर्च केला पाहिजे असं नाही, मासा लागल्यावरही करता येतो, फक्त तपासणीत काटा चुकीचा निघाला तर मासा गेला.

किती अचूक काटा लागतो हे रेकॉर्ड मोडायच्या फरकावरून ठरतं. २५ पौंडाच्या आतल्या माशाला जुन्या रेकॉर्डपेक्षा किमान २ औंस जास्त भरावं लागतं, म्हणजे साधारण ५७ ग्राम. २५ पौंड आणि त्यावर अर्धा टक्का. (२५ पौंडाचा अर्धा टक्का बरोबर २ औंसच होतो.) २० किलोच्या माशाला म्हणजे १०० ग्राम. तेवढा फरक नसेल तर बरोबरी. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसाचा पकडला, पोस्टातल्या काट्यावर मोजला, आणि ते रेकॉर्ड सत्त्याहत्तर वर्षं कुणाला हललं नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरीटाने १०.१२ किलोचा काढला, म्हणजे २२ पौंड ४.९७ औंस. जास्त भरला ना? भरला, पण एका औंसालाही थोडा कमी, २७-२८ ग्रामच. २ औंस नाही म्हणून आजही दोघांच्या नावावर बरोबरी आहे. हा २७-२८ ग्रामचा आकडा डोक्यात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दुकानातला शिक्क्याचा काटा

आपल्याकडे लीगल मेट्रॉलॉजीचा २००९ चा कायदा आहे, महाराष्ट्रात वैध मापन शास्त्र यंत्रणा ते काम बघते, गोव्यातही कायदा तोच. धंद्यात वापरायचा इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. व्यापारी याला पासिंग म्हणतात, बहुतेक वेळा लायसनवाला काटा रिपेअर करणाराच ते करून आणतो. आता बघा, आयजीएफएला काय हवंय? सरकारी यंत्रणा आणि बारा महिने. दोन्ही तुमच्या किराणावाल्याने त्याच्या पैशाने आधीच करून ठेवलंय.

आणि हा काटा बरोबरही असतो. दुकानातला ३० किलोचा, ५ ग्रामने वाढणारा काटा घ्या, पासिंगच्या वेळी त्याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्राम, १० किलोपर्यंत ५ ग्राम आणि त्यावर साडेसात ग्राम एवढीच चूक माफ असते, वापरात असताना याच्या दुप्पट. म्हणजे अगदी वाईटात वाईट धरलं तरी १५ ग्राम. ५७ ग्रामच्या फरकासमोर ठीकच आहे.

भानगड काट्यात नाही, बाकीच्यात आहे. एक तर मासळी बाजारात कोळणी वाट्यावर किंवा नगावर विकतात, तिथे काटाच नसतो पुष्कळदा, तेव्हा कोंबडीवाला, किराणावाला, नाहीतर जेटीवरचा लिलावाचा काटा बघावा लागतो. दुसरं, संध्याकाळी सातला मासा लागला आणि दुकान साडेआठला बंद, मग रात्रभर मासा सुकतो आणि वजन कमी होतं, बर्फात ठेवला तरी थोडं जातंच. तिसरं म्हणजे मीटरभर लांब मासा छोट्या ताटात मावत नाही, शेपटी टेबलाला टेकली की वजन कमी दाखवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. क्रेट ठेवा, टेअर मारा (म्हणजे काटा शून्यावर आणा), मग मासा. मोकळ्या क्रेटचा, काट्याच्या आकड्याचा आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो काढा, आणि मोजणाऱ्याची सही घ्या. दुकानदार आधी हसतो, मग फोटोत यायला तयार होतो.

खर्च? शून्य, फार तर तिथून एक किलो चिकन घ्या.

स्वतःचा हूकवाला डिजिटल काटा, लॅबमध्ये तपासून

ऑनलाइन पाचेकशे रुपयांत बॅग मोजायचा काटा मिळतो, ५० किलोपर्यंत, डिस्प्लेवर १० ग्रामचे टप्पे, आणि लोक समजतात की १० ग्रामपर्यंत बरोबर आहे. डिस्प्लेला काय, तो काहीही दाखवेल. असला काटा घेऊन इन्स्पेक्टरकडे गेलात तर शिक्का मिळणार नाही, कारण शिक्क्यासाठी त्या मॉडेलला आधी सरकारी मंजुरी लागते आणि या बॅगवाल्या काट्यांना ती नसते. पण एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली कॅलिब्रेशन लॅब असेल तर ती पास-नापास न म्हणता कुठल्या वजनाला काटा किती चुकतो आणि त्या मोजणीची खात्री किती हे लिहून देते. मुंबई, पुणे, नाशिक पट्ट्यात कारखान्यांमुळे अशा लॅब भरपूर आहेत.

इथे पैशाचं गणित थोडं विचित्र होतं, कारण लॅबची फी आणि जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून काट्याच्या किमतीच्या वर सहज जातं आणि ते दर वर्षी. म्हणून करायचंच असेल तर आधी काटा बरा घ्या, क्रेन स्केलच्या (जड माल टांगून मोजायच्या काट्याच्या) जातीचा छोटा, आणि लॅबला स्पष्ट सांगा की मला अमुक वजनांवर तपासून द्या. ८ ते १२ किलोचा जिताडा तुमचं टार्गेट असेल आणि त्यांनी १०, २५, ५० किलोवर तपासून दिला तर अर्धं सर्टिफिकेट वाया. मिठाचा वारा, ऊन, उतरलेली बॅटरी, यांनी काटा सरकतो, तेव्हा घरी एक पक्कं वजन ठेवून अधूनमधून बघायला हरकत नाही.

मग हा पर्याय कुणासाठी? लांबच्या ट्रिपांसाठी. अगदी दुर्गम ठिकाणी, जिथे काटाच नाही, तिथे स्वतःचा चांगल्या प्रतीचा काटा वापरायला आयजीएफए परवानगी देते, पण तो जाण्याआधी आणि परत आल्यावर असा दोन्ही वेळा तपासलेला लागतो. म्हणजे फी डबल. अंदमानला जीटीच्या (जायंट ट्रेव्हाली, मोठा समुद्री मासा) मागे जाणाऱ्याने ट्रिपवर जो खर्च केलेला असतो त्यात ही डबल फी चिल्लर आहे, मग तिथे कंजूषपणा कशाला. हां, बेटावर उतरून जमिनीवरच मोजायचं, बोट कितीही मोठी असली तरी.

बोगा ग्रिप आणि फ्लोरिडाची वारी

बोगा ग्रिप म्हणजे जबडा पकडायची ग्रिप आणि आत स्प्रिंगचा ताणकाटा. वस्तू सुंदर आहे, वर्षानुवर्षं टिकते, आणि आयजीएफए स्वतः काटे तपासून सर्टिफाय करून देते त्यात ही पुष्कळांची असते. पण इथून पाठवायची म्हणजे जाण्याचं कुरिअर, येण्याचं कुरिअर, आणि परत येताना कस्टमला पटवायचं की ही नवी खरेदी नाही माझीच वस्तू आहे, आणि हे दर बारा महिन्यांनी. त्यांची फी या सगळ्यात किरकोळ वाटायला लागते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. १५ पौंडी मॉडेलला पाव पौंडाच्या खुणा, ३० पौंडीला अर्ध्या पौंडाच्या आणि ६० पौंडीला एकेक पौंडाच्या. दोन खुणांच्या मध्ये काटा थांबला तर खालची खूण धरायची असा नियम. म्हणजे ३० पौंड १४ औंसाचा मासा ६० पौंडीवर ३० पौंडच, जवळजवळ ४०० ग्राम हवेत गेले. वर्षाला हजारो रुपये घालून सर्टिफिकेट घ्यायचं आणि ४०० ग्राम सोडून द्यायचे, त्यापेक्षा कोंबडीवाल्याचा काटा काय वाईट? मासा धरायला बोगा घ्या, जरूर घ्या, रेकॉर्डसाठी नको.

इंग्लंडहून कुणीतरी आणून दिलेल्या काट्याबद्दलही बोलतो, कारण असे काटे ग्रुपमध्ये बरेच फिरतात. स्प्रिंगचा असो की लोडसेलचा (डिजिटल काट्यातला ताण टिपणारा भाग), काटा मोजतो ओढ, आणि पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते, विषुववृत्ताकडे कमी होत जाते. लंडन आणि मुंबईत साधारण पाव टक्का फरक आहे. तिकडे सेट केलेला काटा इथे १० किलोच्या माशाला २६ ग्रामच्या आसपास कमी दाखवणार. कुरीटाचा फरक आठवला? तेवढाच. काटा खराब नाही, सर्टिफिकेट खोटं नाही, फक्त जागा बदलली. म्हणून बाहेरून आलेला काटा इथल्या लॅबमध्ये एकदा तरी तपासलाच पाहिजे. फ्लोरिडाचं तसं नाही, तिथला आणि मुंबईचा फरक १० किलोला ४-५ ग्रामच.

लांबीचं रेकॉर्ड

२०११ पासून आयजीएफएने सोडलेल्या माशांसाठी लांबीची वेगळी रेकॉर्ड्स ठेवलीत. काटा नाही, सर्टिफिकेट नाही, दर वर्षीची तपासणी नाही. त्यांची अधिकृत मोजपट्टी मात्र लागते, घरची टेप चालत नाही, तोंड मिटवून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचं, फोटो काढायचे, आणि मासा जिवंत पाण्यात गेला पाहिजे. खर्च एकदाच, पट्टी आणि तिचं शिपिंग.

मला व्यक्तिशः हा पर्याय सगळ्यात आवडतो. मोठा मासा जबड्याने उभा टांगून मोजला की त्याला इजा होते, मग "सोडला" म्हणण्यात किती अर्थ राहतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिक्सन लेकला २५ पौंड १ औंसाचा बास हातकाट्यावर मोजून सोडून दिला होता, पेरीच्या माशापेक्षा जवळजवळ तीन पौंड जास्त. गळ तोंडात नाही तर अंगात रुतला होता म्हणून पकडणाऱ्याने क्लेमच केला नाही. केला असता तर आधी गळाची भांडणं आणि मग त्या हातकाट्याची. महासीरच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको. कावेरीतला कुबडवाला महासीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आपल्याकडचा जिथे गरवायला परवानगी आहे तिथेही सोडायचाच, आणि महाडजवळच्या वाळण कोंडीतल्या देवाच्या माशांकडे गळ घेऊन बघायचंसुद्धा नाही.

कुठलाही पर्याय घेतला तरी काही खर्च सुटत नाहीत, अर्जाची फी (सभासदांना कमी), आणि वजनाच्या रेकॉर्डला लीडरसकट (गळाजवळचा जाड दोरा) ५० फूट लाइन पाठवावी लागते त्याचं पोस्ट. ती लाइन तिकडे तोडून बघतात आणि छापलेल्यापेक्षा दणकट निघाली तर तुमचा मासा लाइनच्या ताकदीप्रमाणे ठरलेल्या वरच्या वर्गात जातो, मग काटा कितीही पक्का असून उपयोग नाही. अमेरिकेबाहेर पकडलेल्या माशाचे कागद ९० दिवसांत पोचले पाहिजेत, तेव्हा साधं पोस्ट नको.

बाहेर राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं रेकॉर्ड वेगळं असतं आणि तिथे लोक सरळ ग्रोसरीच्या मीट काउंटरवर मासा नेतात, कारण तो काटा राज्य सरकारने तपासलेला असतो, म्हणजे आपल्या किराणावाल्यासारखंच. इंग्लंडात ब्रिटिश रेकॉर्डची कमिटी वेगळी आहे आणि काटा तपासायला ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (वजन-मापं बघणारं स्थानिक सरकारी खातं) जातात. दोन्हीकडे सीझन सुरू व्हायच्या आधी फोन करून विचारून ठेवा, काउंटरवाला चिखल लागलेला मासा काट्यावर ठेवू देईलच असं नाही, काही जण स्वच्छतेच्या नियमावर बोट ठेवून सरळ नाही म्हणतात.