फॉस्फर ब्राँझ सांगून गनमेटल गळ्यात मारलं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गेली २० वर्षं गुऱ्हाळाच्या घाण्यांची दुरुस्ती करतो. गेल्या हंगामात मी फसलो आणि माझ्या भरवशावर ऊस तोडून बसलेला गुऱ्हाळमालक माझ्यापेक्षा जास्त पोळला, म्हणून लिहितोय.

त्याच्या घाण्याचे बुश, म्हणजे लाटेचा खुंट ज्यात फिरतो ती धातूची नळकांडी, दर हंगामाला झिजून जायचे. लाट, म्हणजे ऊस पिळणारा रूळ, फिरते सावकाश, पण दाब प्रचंड. त्यात रस आणि उसाबरोबर आलेली माती. तिथे साधं गनमेटल (तांब्यात थोडं कथील, जस्त, शिसं) टिकत नव्हतं, म्हणून पीबी टू ही फॉस्फर ब्राँझची जात घालायची ठरवलं. त्यात तांब्याबरोबर ११ ते १३ टक्के कथील आणि किमान ०.१५ टक्के फॉस्फरस असतो. या दोघांमुळे मऊ धातूत कठीण कण तयार होतात. लाटेच्या खुंटाचा भार ते कण पेलतात, म्हणून झीज कमी. कथील महाग आणि खरी चोरी तिथेच होते.

ओळखीतून एक पुरवठादार आला. "आम्ही चिलमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात ओततो, गार लवकर होतं, दाणा बारीक येतो, ताकद वाढते," म्हणाला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. वाळूच्या साच्यापेक्षा लोखंडी साच्यात ओतलेला ब्राँझ खरंच कठीण होतो. माणसाला धातूतलं कळतंय म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. सोबत टेस्ट सर्टिफिकेट होतं : कथील ११.६, कडकपणा ९८ ब्रिनेल. ६ बुश, ८४ किलो माल, गनमेटलपेक्षा किलोमागे २६० रुपये जास्त. म्हणजे जवळजवळ २२ हजार रुपये नुसत्या नावाचे मोजले.

लेथवर पहिला बुश चढवल्यावर आमचा टर्नर म्हणाला, "मालक, ह्यो लोण्यावानी कापतोय. फॉस्फर असा कापत न्हाई." बुराही बारीक चुऱ्यासारखा पडत होता. मी त्याला सर्टिफिकेट दाखवून गप्प केलं. ही चूक मला अजून सलते.

पाचव्या आठवड्यात लाट खाली बसली. घाणा बंद, तोडलेला ऊस आवारात वाळतोय, चुलवाण थंड. बुश काढले तर आतून ओरबाडलेले. त्यातल्याच एकाचा तुकडा प्रयोगशाळेत दिला : कथील ४.८, जस्त ५.३, शिसं ५.५, फॉस्फरस नावाला, कडकपणा ६६. म्हणजे सरळसरळ ८५-५-५-५ चं गनमेटल : ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. ते वाईट नाही. पंपात, हलक्या भाराला उत्तम चालतं. पण घाण्याचा दाब त्याला झेपत नाही. आणि वजनावरून हे कळतही नाही, कारण जस्ताने हलका झालेला माल शिशाने भरून निघतो.

सर्टिफिकेट बनावट नव्हतं. ते दुसऱ्याच ओतीचं होतं. कागदावर हीट नंबर, म्हणजे ओतीचा क्रमांक होता, बुशांवर कुठलाच नव्हता आणि मी तो शोधलाही नव्हता. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडे ग्रीस कमी पडलं असेल." नंतर फोन उचलणंच बंद. बिलावर नुसतं 'ब्राँझ बुश' लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही कागद उरला नाही. बिलावर आणि ऑर्डरवर ग्रेडचं पूर्ण नाव लिहून घ्या.

आता मी प्रत्येक नगावर हीट नंबर ठोकून मागतो. एक बुश लांबीला १५ मिलिमीटर जास्त मागवतो, ती चकती कापून स्वतः प्रयोगशाळेत नेतो आणि रिपोर्ट आल्यावरच बाकीचे पैसे देतो. कुठला नग तपासायचा ते माल उतरल्यावर मी ठरवतो, ओतणारा नाही. तेवढ्याने अडून बसणारा पुरवठादार मी तिथेच सोडतो. शिवाय टर्नर 'थांबा' म्हणाला की लेथ थांबतो.

गुऱ्हाळमालकाला खऱ्या पीबी टूचा संच मी माझ्या खर्चाने बसवून दिला. मधल्या नऊ दिवसांत बुडालेली आदणं, म्हणजे गुळासाठी रस उकळायच्या खेपा, मात्र मला भरून देता आली नाहीत.