अर्थलर्निंगआयडिया आणि बाकीचे: पृथ्वीविज्ञान शिकवणाऱ्यांसाठी कामाचं ट्रेनिंग कोणतं?

पृथ्वीविज्ञान शिकवणाऱ्या बऱ्याच शिक्षकांनी पृथ्वीविज्ञान स्वतः कधी शिकलेलंच नसतं, हे आधी मान्य करून टाकू. कोणी केमिस्ट्रीवाले, कोणी बायोलॉजीवाले, कोणाकडे भूगोल आहे म्हणून खडक आणि भूकंपही त्यांच्याच गळ्यात, आणि मग जे पुस्तकात छापलंय तेच फळ्यावर उतरतं. पण पुस्तकावर तरी किती विसंबायचं? ख्रिस किंग नावाच्या ब्रिटिश भूविज्ञान-शिक्षकाने इंग्लंड आणि वेल्समधली शालेय सायन्सची ५१ पुस्तकं तपासली होती, २०१० साली त्याचा पेपर आला, आणि पृथ्वीविज्ञानाच्या भागात सरासरी पानामागे एक चूक निघाली. पानामागे एक! आणि ही पुस्तकं लिहिणारे काही अडाणी नव्हते, फक्त बहुतेक जण दुसऱ्या विषयाचे होते, म्हणजे आपल्यासारखेच.

तर ट्रेनिंग लागतंच. प्रश्न असा की कोणतं, कारण नावाला ट्रेनिंग खूप आहेत. मी मध्यंतरी एका ऑनलाइन कोर्सला बसले होते (नाव राहू दे), त्यात प्लेट टेक्टॉनिक्सच्या (पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं, म्हणजे प्लेट्सचं, आहे आणि त्या सरकतात हा सिद्धांत) स्लाइड्स एकामागून एक वाचून दाखवल्या, शेवटी पाच सोप्या प्रश्नांची क्विझ, आणि लगेच सर्टिफिकेट डाउनलोड. स्लाइड्स सुंदर होत्या हो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन वेगळं काय करायचं याचा पत्ता नाही. तेव्हापासून माझे निकष दोन. एक, उद्याच्या तासाला काहीतरी हातात मिळालं पाहिजे, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा, ते मॉडेल किंवा प्रयोग नेमका कुठे खोटा पडतो हे मला कोणीतरी सांगितलं पाहिजे. पृथ्वी वर्गात आणता येत नाही म्हणून या विषयात सगळं मॉडेलवर चालतं, आणि मॉडेलची मर्यादा माहीत नसली की आपणच पोरांच्या डोक्यात नवी चूक पेरतो.

या दोन्ही निकषांवर मला सगळ्यात वरचं वाटलेलं म्हणजे अर्थलर्निंगआयडिया. वर म्हटलेले ख्रिस किंग, एलिझाबेथ डेव्हन आणि पीटर केनेट या तिघांनी २००८ च्या आंतरराष्ट्रीय पृथ्वी-ग्रह वर्षाच्या निमित्ताने हे सुरू केलं. साधी पीडीएफ, पूर्ण फुकट, लॉगिन नाही काही नाही, आणि आता चारशेच्या वर ॲक्टिव्हिटी जमल्यात. रूढ अर्थाने हा कोर्स नाहीच, पण मी याला ट्रेनिंगच म्हणेन कारण प्रत्येक पीडीएफचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वर्गात काय करायचं ते, आणि नंतर 'बॅक-अप' म्हणून शिक्षकासाठी वेगळा भाग: कोणत्या वयाच्या मुलांसाठी, किती वेळ लागेल, मुलं यातून काय शिकतील, यामागचं तत्त्व काय, पुढे काय करता येईल, सामान काय लागेल. खरी गंमत या बॅक-अपमध्ये आहे आणि नेमका तोच भाग लोक वाचत नाहीत, वरची पानं प्रिंट करतात आणि वर्गात पळतात.

उदाहरण घेते. 'हिमालय ३० सेकंदांत' अशी एक ॲक्टिव्हिटी आहे. पारदर्शक डबा, त्यात कोरडी वाळू आणि मैदा यांचे पातळ थर एकावर एक, आणि एका बाजूने उभी फळी हळूहळू सरकवायची. थर आधी वाकतात, घड्या पडतात, मग एका क्षणी तुटून एकमेकांवर चढतात आणि वरचा पृष्ठभाग उचलला जातो. बघायला भारी आहे, पोरं ओरडतातच. पण नुसतं एवढंच केलं तर ती जादू झाली. बॅक-अपमध्ये 'विचार-कौशल्य' असा एक छोटा परिच्छेद असतो, त्यात सांगितलेलं असतं की मुलं कुठे नमुना शोधतात, कुठे त्यांचा अंदाज आणि डोळ्यांसमोरची गोष्ट जुळत नाही, कुठे त्यांना स्वतःच्या विचाराबद्दल बोलायला लावायचं, आणि शेवटी या डब्याचा खऱ्या डोंगराशी सांधा कसा जोडायचा. मग आपण विचारतो की बाबा, हा थर खाली होता तो वर कसा आला, जोर कुठून लागला असेल, आणि तू हे कशावरून ठरवलंस? हा शेवटचा प्रश्न विचारायची सवय मला तरी याच पीडीएफांनी लावली. त्यानंतर एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे हे सांगितलं की ती फक्त जनरल नॉलेजची ओळ राहत नाही, कारण थर वर चढताना पोरांनी पाहिलेला असतो. अर्थात डब्यात ३० सेकंद आणि तिकडे भारत आणि आशियाच्या प्लेट्सची टक्कर सुरू होऊन साधारण ५ कोटी वर्षं झाली, अजून चालूच आहे, हे आपण तोंडाने सांगायलाच हवं.

दुसरं उदाहरण मेणाच्या ज्वालामुखीचं. काचेच्या बीकरमध्ये तळाला लाल मेणाचा थर, त्यावर वाळू, त्यावर थंड पाणी, आणि खालून बर्नर. थोडा वेळ काहीच होत नाही, वर्ग कंटाळतो, आणि मग मेण वितळून वाळू फोडून एकदम वर येतं, थोडं पाण्यातच मध्ये थिजतं आणि थोडं पृष्ठभागावर पसरतं. मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीच्या आत थिजला तर काय आणि बाहेर येऊन थिजला तर काय, हा फरक इतका सोपा करून दाखवणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही. पण इथेच माझा दुसरा निकष येतो. हा प्रयोग बघून बहुतेक मुलं (आणि खरं सांगायचं तर बरेच शिक्षकसुद्धा) असं धरून चालतात की पायाखाली सगळीकडे वितळलेल्या खडकाचा एक थर आहे आणि तोच कुठेतरी फुटून बाहेर येतो. चूक आहे ते. मँटल, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, घन आहे, भूकंपाच्या एस लहरी त्यातून आरपार जातात आणि या लहरी द्रवातून जातच नाहीत, त्या अडतात त्या थेट मँटलखालच्या द्रव बाहेरच्या गाभ्यापाशी. मँटलचा खडक लाखो वर्षांच्या हिशोबात वाहतो पण असतो घनच. वितळतो तो ठरावीक ठिकाणी, कुठे वर येताना दाब कमी होतो म्हणून, कुठे खाली जाणाऱ्या प्लेटमधलं पाणी वरच्या खडकात मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली आणतं म्हणून, आणि तिथेही सगळा नाही, थोडासाच भाग. बीकरखालचा बर्नर यातलं काहीच दाखवत नाही. म्हणून माझं मत असं की मेणाच्या प्रयोगाआधी एस लहरींचा तास घ्यावा, उलट क्रमाने कधीच नको. तसं बघितलं तर त्याच संग्रहात 'पॉटी पुटी' म्हणजे ती मऊ रबरासारखी पुटी घेऊन केलेली ॲक्टिव्हिटी आहे, जी आपटली तर उडते, झटका दिला तर तुटते आणि नुसती ठेवली तर पसरते, मँटलसाठी ती उत्तम. फक्त या दोन्हींची सांगड आपली आपण घालायची.

आणि हाच माझा अर्थलर्निंगआयडियाबद्दलचा मोठा आक्षेप. चारशे सुट्या गोष्टी आहेत, विषयवार याद्याही आहेत, पण नवीन शिक्षकाला 'आधी हे कर मग ते कर' असं हाताला धरून नेणारं कोणी नाही. अडलं तर विचारायला समोर माणूस नाही. वेबसाइट दिसायला जुनाट आहे, शोधताना वैताग येतो. इंग्रजी वाचायची तयारी हवी, अनुवाद बऱ्याच भाषांत आहेत पण सगळ्या ॲक्टिव्हिटींचे प्रत्येक भाषेत नाहीत. आणि सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट काही मिळत नाही, त्यामुळे ज्यांना ट्रेनिंगचे तास भरून दाखवायचेत त्यांच्या फाइलला याचा शून्य उपयोग.

भूकंपासाठी मात्र मी दुसरीकडे जाते, अर्थस्कोपकडे. पूर्वी आयरिस नावाची अमेरिकन भूकंपशास्त्राची संस्था होती, ती आणि युनाव्को ही जमिनीची हालचाल मोजणारी संस्था २०२३ मध्ये एकत्र होऊन अर्थस्कोप झाली. यांचं सगळ्यात कामाचं म्हणजे जगात कुठे मोठा भूकंप झाला की लगेच त्यावरच्या तयार स्लाइड्स येतात, कोणती प्लेट, कोणत्या प्रकारचा भ्रंश (खडकातली भेग, जिच्यावर दोन बाजू सरकतात), आजूबाजूचा इतिहास, लहरींची नोंद, सगळं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या मुलं तेच विचारणार असतात आणि एरवी आपण बातम्यांमधलं अर्धवट काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. मी तर म्हणेन या स्लाइड्स आधी स्वतःसाठी वाचा, मुलांना नंतर दाखवा. त्यांचं 'अर्थक्वेक मशीन' पण करून बघा: सँडपेपरच्या पट्टीवर खाली सँडपेपर लावलेला लाकडी ठोकळा, त्याला रबरबँड, आणि एकसारख्या वेगाने ओढत राहायचं. ठोकळा अडतो, अडतो, आणि अचानक सरकतो, कधी थोडा कधी खूप. ओढणं एकसारखं असूनही सरकणं एकसारखं का नाही, हा प्रश्न आला की भूकंपाची तारीख-वेळ का सांगता येत नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. मॅग्निट्यूडसाठी, म्हणजे भूकंप किती मोठा ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, स्पगेटीच्या काड्या मोडायची कल्पनाही आहे, ५ साठी एक काडी, ६ साठी ३२ आणि ७ साठी जवळजवळ हजार. लॉगरिदम न उच्चारता ऊर्जेचा अंदाज येतो.

ग्लोब प्रोग्राम हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. १९९५ च्या वसुंधरा दिनी सुरू झाला, आता १२० च्या वर देशांत आहे. यात शिक्षकाचं रीतसर ट्रेनिंग होतं, वर्कशॉपला जाऊन किंवा ऑनलाइन मॉड्यूल करून, आणि ते झालं की तुमची मुलं हवा, पाणी, माती, झाडोरा यांची मोजमापं ठरलेल्या पद्धतीने घेऊन जगाच्या डेटाबेसमध्ये टाकू शकतात. मॉड्यूल रुक्ष आहेत, खोटं कशाला बोलू, थर्मामीटरची पेटी कुठे आणि किती उंचीवर लावायची यावर इतकं बारीक लिहिलंय की झोप येते. पण मोजमाप कशाला म्हणतात हे त्या रुक्षपणातूनच कळतं. ढगांची नोंद तर फक्त डोळ्यांनी करता येते, आणि त्याच वेळी वरून उपग्रह जात असेल तर त्याने काय पाहिलं आणि तुम्ही काय पाहिलं याची तुलना नासाकडून ईमेलने येते, हे मुलांना जाम आवडतं. अट एकच, हे वर्षभर रेटायला हवं. दोन आठवडे करून सोडणार असाल तर त्यात पडू नका.

युरोपियन जिओसायन्सेस युनियनचे गिफ्ट वर्कशॉप्स २००३ पासून आहेत, त्यांच्या वार्षिक अधिवेशनात शास्त्रज्ञ थेट शिक्षकांसमोर बोलतात, दरवर्षी विषय वेगळा. जायला मिळालं तर नक्की जा. रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन आहेत, ती तुमचं स्वतःचं ज्ञान ताजं करायला उत्तम, वर्गात वापरायला मात्र तुम्हालाच त्याचं रूपांतर करत बसावं लागेल. कार्लटन या अमेरिकन कॉलेजच्या सर्क नावाच्या केंद्राचा शिकवण्याच्या साहित्याचा खजिनाही प्रचंड आहे, पण बराचसा कॉलेजच्या पातळीचा, शाळेसाठी गाळणी लावावी लागते. आणि संशोधन जहाजावर शिक्षकांना नेणारे ते स्वप्नवत कार्यक्रम, त्यातला नोआचा (अमेरिकेची समुद्र आणि हवामानाची सरकारी संस्था) 'टीचर ॲट सी' १९९० मध्ये सुरू झाला पण तो अमेरिकेतल्या शिक्षकांसाठी, आणि जॉइडिस रिझोल्यूशन या समुद्रतळात ड्रिलिंग करणाऱ्या जहाजावरचं 'स्कूल ऑफ रॉक' तर आता विसराच, त्या जहाजाचं ड्रिलिंगच २०२४ मध्ये थांबलं. वाईट वाटतं, समुद्रतळातून काढलेला गाळाचा कोअर, म्हणजे लांब नळकांड्यासारखा नमुना, हातात घेऊन शिकलेला शिक्षक वेगळाच बोलतो.

आणखी एक, ख्रिस किंग इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या ज्या पृथ्वीविज्ञान-शिक्षण युनिटमध्ये होते तिथले लोक शाळेत जाऊन सगळ्या सायन्स शिक्षकांचं मिळून एकच वर्कशॉप घ्यायचे, दीड तासाचं. एवढ्याशा वेळाने वर्गात खरंच काही बदलतं का हे त्यांनी नंतर तपासलं आणि उत्तर हो असं आलं. मला यात आश्चर्य वाटलं नाही, कारण तिथे शिक्षक भाषण ऐकत नव्हते, प्रयोग स्वतः करून बघत होते आणि शेजारी रोजचे सहकारी होते. (पैसा तेल-वायू उद्योगाचा होता, हे माहीत असलेलं बरं.) तुमच्याकडे असं कोणी येणार नसेल तर दोघं-तिघं मिळून एक पीडीएफ उघडा आणि मुलं नसताना करून बघा. सुरुवातीला सच्छिद्रतेची घ्या: एका भांड्यात मोठ्या गोट्या, दुसऱ्यात छोट्या, आणि किती पाणी मावतं ते मोजा. जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की मोठ्या गोट्यांत जास्त मावेल, आणि दोन्हीकडे साधारण ४० टक्क्यांच्या आसपासच येतं, मग दोन्ही मिसळून परत मोजा आणि कमी का झालं यावर भांडा. सामान थोडं, पसारा थोडा. मेणाचा ज्वालामुखी मात्र तापवायला चालेल अशाच काचेच्या बीकरमध्ये, चष्मे घालून, आणि मुलांसमोर करायच्या आधी एकदा रिकाम्या लॅबमध्ये.